पॅरिसच्या पोटातील वाटा

१८०४ सालच्या वसंतात पॅरिसच्या दक्षिण भागातील एका जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे वीस मीटर खोलीवर, एका माणसाचे अवशेष सापडले. किल्ल्यांच्या जुडग्यावरून त्याची ओळख पटली असे सांगतात. तो वाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयाचा दरवान होता. नाव फिलिबेर आस्पेर. तो ३ नोव्हेंबर १७९३ रोजी खाली उतरला आणि परत आला नाही. त्या वेळी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा धुमाकूळ चालू होता. एक दरवान नाहीसा झाला याची फारशी चौकशी कोणी केली नसावी. जिथे सापडला तिथेच ३० एप्रिल १८०४ रोजी त्याचे दफन झाले. त्याच्या स्मारकशिलेवर या दोन्ही तारखा कोरलेल्या आहेत. तो खाली का गेला, याविषयी मात्र दंतकथाच अधिक आहेत. शेजारच्या मठाच्या तळघरातील मद्य चोरायला गेला होता, ही त्यांतली सर्वांत आवडती.

आम्हांला या हकिगतीत एका वेगळ्या गोष्टीचे नवल वाटते. हा माणूस कुठल्या अरण्यात हरवला नव्हता. तो आपल्याच शहरात, रोजच्या वापरातल्या रस्त्यांच्या बरोबर खाली हरवला होता. वर माणसे चालत होती, गाड्या धावत होत्या. शहराच्या पोटात एवढी मोठी वाट चुकण्याजोगी पोकळी आली कोठून?

पॅरिसच्या इमारतींचा पिवळसर पांढरा दगड आपण चित्रांत पाहिला असेल. ती चुनखडी आहे, सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली. भूवैज्ञानिक त्या कालखंडाला ‘ल्युटेशियन’ म्हणतात, आणि हे नाव पॅरिसच्या रोमनकालीन ल्युटेशिया या नावावरूनच आले आहे. रोमनांनी हा दगड उघड्या खाणींतून काढला. पुढे मध्ययुगात वरची शेतजमीन वाचवण्यासाठी आणि वरच्या थरांची माती उपसण्याचा खटाटोप टाळण्यासाठी लोक जमिनीखाली आडवे खणू लागले. छत पडू नये म्हणून अधूनमधून दगडाचे खांब न खणता ठेवायचे, किंवा टाकाऊ दगडांची भिंत रचून मधली पोकळी मातीने भरायची. दगड संपला की खाणवाला निघून जाई. खाणी तेव्हा शहराबाहेर होत्या. पुढे शहर वाढले, खाणींवर येऊन बसले, आणि खाली काय आहे हे विसरले. नकाशा कोणी ठेवलाच नव्हता. दगड काढणाऱ्याला त्याची गरज नव्हती आणि घर बांधणाऱ्याला असा नकाशा असू शकतो याची कल्पना नव्हती.

विसरलेली खाण स्वस्थ बसत नाही. छताचा एक थर सुटून खाली पडतो. मग त्याच्या वरचा पडतो. पोकळी अशी घुमटासारखी वर वर सरकत जाते. फुटलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे पोकळी लहान असेल तर पडलेल्या दगडांनीच ती भरून जाते आणि पडझड आपोआप थांबते. (पाटीवरचा अखंड खडू आणि त्याच खडूचे तुकडे यांना किती जागा लागते, हे वर्गात सहज दाखवता येईल.) पण पोकळी मोठी असेल तर घुमट वर चढतच राहतो. वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही, आणि एके दिवशी तो रस्त्याच्या फरसबंदीपर्यंत पोहोचतो. फ्रेंच खाणकामगारांनी या प्रकाराला ‘फोंती’ असे खास नाव दिले आहे.

१७ डिसेंबर १७७४ रोजी असेच झाले. शहराच्या दक्षिणेस एका रस्त्याचा मोठा भाग एकाएकी खाली गेला. जुने वृत्तांत त्याची लांबी सुमारे ३०० मीटर आणि खोली सुमारे ३० मीटर देतात. योगायोग असा की रस्त्याचे नाव होते ‘रू द’आंफेर’. शब्दशः अर्थ, नरकाचा रस्ता. लोकांनी काय बोलायचे ते बोलून घेतले असेलच! राजदरबाराने चौकशी नेमली आणि ४ एप्रिल १७७७ रोजी खाणींच्या देखरेखीसाठी एक स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. हे कार्यालय आजही काम करते आहे. राजे गेले, सम्राट आले, प्रजासत्ताके आली. खाणी मात्र तिथेच होत्या, म्हणून कार्यालयही राहिले.

त्याचा पहिला प्रमुख शार्ल-आक्सेल गियोमो हा वास्तुविशारद. त्याच्यापुढे दोन कामे होती. खाली नेमके काय आहे ते शोधणे, आणि जिथे धोका तिथे आधार देणे. आधार देण्याचे काम गवंड्यांचे. ते अवघड असले तरी ओळखीचे होते. शोधण्याचे काम नवे होते, आणि त्यातला भूमितीचा पेच शिक्षकांना आवडेल असा आहे.

जमिनीवर मोजणी करणाऱ्याला दूरचा मनोरा किंवा देवळाचा कळस दिसतो. त्यावरून आपण कोठे आहोत हे तो वारंवार तपासून पाहू शकतो. जमिनीखाली दिव्याच्या उजेडापलीकडे काहीच दिसत नाही. मग खालचा एखादा कोपरा वरच्या कोणत्या घराखाली येतो, हे ठरवायचे कसे? यासाठी खाली उतरणारी विहीर लागते. विहिरीत गवंड्याचा ओळंबा सोडला की वरचा एक बिंदू खाली उतरतो. एकाच विहिरीत दोन ओळंबे थोड्या अंतरावर सोडले, तर त्यांना जोडणारी रेषाही खाली उतरते, म्हणजे बिंदूबरोबर दिशाही मिळते. तिथून पुढे साखळी आणि होकायंत्र घेऊन वळणावळणाने मोजत जायचे, आणि दुसऱ्या विहिरीशी पोहोचलो की आपला हिशेब वरच्या जागेशी जुळतो का ते पाहायचे. आपल्याकडे पुण्याच्या पेशवेकालीन कात्रजच्या नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले आहेत. जमिनीखालची वाट वरून ओळखायला अशा जागांचा केवढा उपयोग होतो, हे ते पाहिलेल्यांच्या लक्षात येईल.

आता होकायंत्राचा स्वभाव पाहू. चुंबकसूची खऱ्या उत्तरेकडे नव्हे, चुंबकीय उत्तरेकडे वळते. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये ती खऱ्या उत्तरेच्या सुमारे २० अंश पश्चिमेला वळत असे. (आज तिथे ती जवळजवळ खरी उत्तर दाखवते, पृथ्वीचे चुंबकत्व दोनशे वर्षांत इतके बदलते.) ही दुरुस्ती न करता कोणी भुयारात १०० मीटर चालला, तर नकाशावर त्याचे स्थान सुमारे ३५ मीटरने चुकेल. म्हणजे आधाराचा खांब भलत्याच घराखाली उभा राहील. दिशेत एका अंशाचीच चूक असली तरी १०० मीटरांवर पावणेदोन मीटर सरकतो. त्यात जवळ पडलेली लोखंडी पहार सुईला ओढत असणारच.

गियोमोने यावर काढलेला तोडगा आम्हांला फार आवडतो. त्याने वरच्या सार्वजनिक रस्त्यांच्या खालून, त्या रस्त्यांना समांतर अशी भुयारे काढली आणि त्यांच्या भिंतींवर वरच्या रस्त्याचे नाव कोरून ठेवले. जणू शहराची एक प्रत खाली तयार होत गेली, घरांवाचून आणि माणसांवाचून. प्रत्येक नव्या आधारभिंतीवर तिचा क्रमांक, प्रमुखाच्या नावाचे आद्याक्षर आणि वर्ष कोरायचे, असा नियम त्याने पाडला. गियोमोचे ‘जी’. पुढच्या प्रमुखांनीही तोच नियम पाळला. त्यामुळे पन्नास वर्षांनी खाली उतरणाऱ्या माणसालाही आपण कोणत्या रस्त्याखाली आहोत, ही भिंत कोणी बांधली आणि केव्हा, हे दिव्याच्या उजेडात वाचता येई. आस्पेर खाली गेला तेव्हा हे काम सोळा वर्षे चालू होते, पण पुरे व्हायला फार अवकाश होता. तसेच दिवा विझल्यावर कोरलेल्या अक्षरांचा उपयोग नाही. त्याचा दिवा विझला असावा, हा तर्क बहुतेक सर्वच लेखक करतात, आणि आम्हांलाही तो पटतो. जमिनीखालचा अंधार हा रात्रीचा अंधार नव्हे. त्यात डोळे कधीच सरावत नाहीत, कारण सरावण्यासाठी लागणारा अत्यल्प प्रकाशही तिथे नसतो.

याच भुयारांपैकी काही पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरांना लागून आहेत. वेधशाळेचे तळघर सुमारे २८ मीटर खोल आहे. १७८३ साली तिथे लाव्हाझिएने तयार केलेला एक तापमापक बसवण्यात आला, आणि त्यातील पारा वर्षभर १२ अंश सेल्सियसच्या किंचित खाली जवळजवळ स्थिर राहतो असे दिसून आले. वर उन्हाळा असो की बर्फ पडो, खाली फरक नाही. याचे कारण असे की जमीन उष्णता फार सावकाश आत नेते. ऋतूंची उष्णतेची लाट खडकात दर तीनएक मीटरला साधारण एक-तृतीयांश होते. २८ मीटरांवर ती हजाराव्या भागाहूनही कमी उरते. उरते ते वर्षाचे सरासरी तापमान. ज्या पोकळीने वरची घरे गिळली, तीच पोकळी भौतिकशास्त्राला एक स्थिर खोली देऊन गेली.

त्या खाणींचा आणखी एक उपयोग झाला, जो पर्यटकांना अधिक ठाऊक आहे. शहराच्या मध्यभागी असलेले ‘निरागसांचे स्मशान’ शतकानुशतकांच्या दफनांनी इतके भरले की १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंत त्याच्या भाराने कोसळली. स्मशान बंद झाले आणि १७८५ च्या अखेरीपासून तेथील अस्थी रात्रीच्या वेळी गाड्यांतून खाणींत नेण्यात आल्या. पुढे इतर स्मशानेही रिकामी झाली. तिथे साठ लाख माणसांच्या अस्थी आहेत असा अंदाज सांगतात. सुमारे ३०० किलोमीटरांच्या भुयारांतला हा अगदी लहान तुकडा आहे. तरी ‘कॅटाकोम’ हे नाव लोकांनी सगळ्याच खाणींना देऊन टाकले.

खाणी शहराने विसरल्या होत्या. गटारांची गोष्ट निराळी. ती रोज वापरात होती, तरीही कोणाला माहीत नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये सुमारे २५ किलोमीटर बंद गटारे होती. कोणी कोणत्या शतकात बांधली, कोठून कोठे जातात, कोठे तुंबली आहेत, हे एकत्र सांगू शकेल असा माणूस नव्हता. या गटारांत पावसाचे आणि स्वयंपाकघरांचे पाणी जाई. मैला घराखालच्या टाक्यांत साठे आणि तो उपसून शहराबाहेर मोंफोकोंच्या तळांवर नेला जाई. १८०५ साली ब्रुनझो नावाच्या एका अधिकाऱ्याने ही सगळी गटारे आतून चालून पाहण्याचे काम हाती घेतले आणि ते पुढे १८१२ पर्यंत चालले. जिथे चालता येत नव्हते तिथे तो वाकून गेला. मोजमापे घेतली, नकाशा केला, दुरुस्ती करवली, नवी गटारे जोडली.

व्हिक्टर ह्यूगोने १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीत ब्रुनझोला अजरामर करून ठेवले आहे. इतिहास शिकवताना मात्र येथे सावध राहावे. गटारात सापडलेल्या चमत्कारिक वस्तूंची ह्यूगोची वर्णने वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांतले कोणते कागदपत्रांतले आणि कोणते कादंबरीकाराचे हे वेगळे करणे अवघड आहे. आम्हांला तर खरा ब्रुनझो कादंबरीतल्या ब्रुनझोपेक्षा अधिक मोठा वाटतो. शौर्य एका रात्रीचे असू शकते. सात वर्षे गटाराची लांबी मोजत राहायला दुसराच गुण लागतो.

या कामात खरा शत्रू दिसत नसे. मैलाटाक्या उपसणाऱ्या पॅरिसच्या कामगारांनी आपल्या दोन दुखण्यांना नावे ठेवली होती. डोळ्यांची आग होऊन ते सुजत, ते ‘मित’. दुसरे ‘प्लों’, म्हणजे शिसे. छातीवर शिशाचे ओझे टाकल्यासारखा माणूस जागच्या जागी कोसळे, म्हणून हे नाव. आले या वैद्याने १७८५ साली या टाक्यांतील विषारी हवेवर ग्रंथ लिहिला. दोन्ही दुखण्यांमागे मुख्यतः कुजणाऱ्या मैल्यातून सुटणारे अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू आहेत, हे पुढे स्पष्ट झाले.

हायड्रोजन सल्फाइडविषयी येथे थोडे थांबून लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून तो काढताना येणारा कुजक्या अंड्यांचा वास प्रत्येक रसायनशास्त्राच्या शिक्षकाला माहीत आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी असला तरी नाकाला तो कळतो. त्यामुळे वास हीच धोक्याची सूचना असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. हे प्रमाण दहा लाखांत शंभराच्या पुढे गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास नाहीसा होतो. उतरलेल्या माणसाला वाटते की हवा निवळली. पाचशे ते हजार भागांच्या दरम्यान माणूस थोड्याच वेळात शुद्ध हरपून पडतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत काही झाले नाही, यावरून सहाव्या मिनिटाबद्दल काहीच सांगता येत नाही.

विहिरीत किंवा टाकीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची पद्धत आपल्याकडेही जुनी आहे. ज्योत विझली तर उतरायचे नाही. प्राणवायू कमी आहे की काय, एवढेच यातून कळते. प्राणवायूचे हवेतील प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास आले की मेणबत्ती विझते. पण हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत हजार भाग, म्हणजे अवघा ०.१ टक्का असला, तरी माणूस मरतो आणि ज्योत मात्र शांतपणे जळत राहते. दिव्याने दिलेली ग्वाही त्या वेळी खोटी असते.

अलेक्झांद्र पारां-दुशातले या तरुण वैद्याने हा प्रश्न खाली उतरूनच अभ्यासला. १८२४ साली त्याने पॅरिसच्या गटारांवर एक विस्तृत निबंध लिहिला. १८२६ मध्ये वर्षानुवर्षे तुंबलेली आमेलो नावाची गटारशाखा साफ करायची होती. पूर्वी अशा कामात माणसे दगावली होती. या वेळी रसायनतज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि पारां-दुशातले तिच्यात होता. त्यांनी केलेल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. एका तोंडावर भट्टी पेटवून तिच्या धुराड्याच्या ओढीने गटारातील हवा सतत खेचून काढली. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते. आणि लाबाराक याच्या क्लोरीनयुक्त द्रावणाचा वापर केला. क्लोरीन हायड्रोजन सल्फाइडमधील हायड्रोजन काढून घेतो आणि गंधक मोकळे होते. पारां-दुशातलेने कामगारांची प्रकृती, वय, मजुरी, सवयी सगळे नोंदवून ठेवले. गटारात काम करणारा माणूस हाही विज्ञानाच्या नोंदीचा विषय आहे, हे त्याने मानले. त्या काळी ते सहजी मानले जात नव्हते.

आपण आज हे वाचतो तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या शहरातील गोष्ट म्हणून बाजूला ठेवता येत नाही. गटारात आणि मैलाटाकीत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरवण्यास भारतात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांचा आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपयांचा आदेश दिला. तरी वर्तमानपत्रात बातमी येतेच, आणि तिचा साचा ठरलेला असतो. एक उतरला, पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला, मग तिसरा. वायू दिसत नाही आणि आधीच्या माणसाला काय झाले ते कळत नाही, म्हणून हे घडते. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाला वरच दोरी आणि हवा मिळाली असती तर! एका शिक्षक-शिबिरात आम्ही हायड्रोजन सल्फाइडचे गुणधर्म विचारले तेव्हा वास, रंगहीनता, शिशाच्या क्षाराचा काळा अवक्षेप, सगळे पाठ होते. वास पुढे नाहीसा होतो, हे चाळिसांपैकी दोघांनाच माहीत होते.

पॅरिसमध्ये १८३२ साली पटकीची साथ आली आणि अठरा हजारांहून अधिक माणसे दगावली. गटारे पुरेशी नाहीत हे त्यानंतर सर्वांना पटले. तरी मोठे काम सुरू व्हायला नेपोलियन तिसरा आणि त्याचा प्रशासक ओसमान यांचा काळ यावा लागला. ओसमानने १८५० च्या दशकात अभियंता युजेन बेलग्रां याला बोलावले. बेलग्रां १८७८ साली वारला तेव्हा गटारांची लांबी ६०० किलोमीटरांच्या घरात गेली होती.

बेलग्रांचे वैशिष्ट्य असे की त्याने माणसाला ताठ उभे राहून चालता येईल इतकी उंच गटारे बांधली, म्हणजे ती नेहमी पाहता यावीत. सफाईची युक्तीही देखणी होती. पाण्याच्या रुंदीची एक नाव घ्यायची, तिच्या पुढच्या बाजूला फळी बसवायची आणि ती पाण्यात उतरवायची. मागे पाणी तुंबते, त्याची पातळी चढते, आणि फळीखालच्या अरुंद फटीतून ते जोराने निसटते. फट लहान झाली की वेग वाढतो. हा धडा आपण नळाच्या तोंडावर बोट ठेवून शिकवतो. ही वेगवान धार तळाची वाळू पुढे ढकलते आणि नाव प्रवाहाबरोबर आपोआप मागून सरकते. वाळू उपसायला फावडे घेऊन माणसे लागत, ते काम पाण्याने स्वतःच करावे अशी ही योजना. सीनच्या तळाखालून जाणाऱ्या नळांत तर लाकडी गोळा सोडत. तो पाण्याच्या दाबाने पुढे जाताना कडेच्या फटीतून पाणी उसळे आणि गाळ निघे.

१८६७ च्या जागतिक प्रदर्शनापासून ही गटारे लोकांना दाखवण्यात येऊ लागली. चांगले कपडे घालून स्त्री-पुरुष सफाईच्याच गाड्यांत आणि नावांत बसून गटाराची सहल करीत. साठ वर्षांपूर्वी ब्रुनझो जिथे वाकून चालला होता, तिथे आता छत्री घेतलेल्या बायका! पण त्याआधीच शहराला आपले पोट एका माणसाने चित्रांत दाखवले होते. छायाचित्रकार नादार याने १८६१ पासून कॅटाकोममध्ये आणि त्यानंतर गटारांत कृत्रिम प्रकाशात छायाचित्रे घेतली. आर्क दिव्यासाठी लागणारी वीज बुन्सेनच्या विद्युतघटांतून येई. या घटांतून नायट्रिक आम्लाचे तांबडे, घातक धूर निघतात. म्हणून घट शक्यतो वर रस्त्यावर ठेवायचे आणि तारा विहिरीतून खाली सोडायच्या. एका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ कोणी निश्चल राहू शकत नाही, म्हणून कॅटाकोममधल्या चित्रांत कामगार म्हणून दिसतात ते कपडे चढवलेले पुतळे आहेत. गटारात अठरावे मिनिट चालू असताना पाण्यावरून वाफेचा लोट येई आणि काच फुकट जाई. शंभराच्या आसपास चित्रे घ्यायला त्याला तीन महिने लागले.

पॅरिसमध्ये आज गटारांची लांबी दोन हजार चारशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यांचे संग्रहालय आहे. कॅटाकोमचा एक भाग तिकीट काढून पाहता येतो. उरलेल्या खाणींत जाण्यास २ नोव्हेंबर १९५५ च्या आदेशाने बंदी आहे. तरीही लोक जातात. रात्री झाकणे उचलून उतरणाऱ्यांची तिथे एक परंपराच झाली आहे, आणि लंडनपासून मेलबर्नपर्यंत नाले, बोगदे, पुलांचे पोटमाळे आणि उंच इमारतींची शिखरे धुंडाळणाऱ्यांना पॅरिस हे माहेर वाटते. २००४ मध्ये पोलिसांना शायो राजवाड्याखालच्या खाणीत पडदा, आसने आणि वीजजोडणीसह एक गुप्त चित्रपटगृह सापडले. अशाच एका मंडळीने २००५-०६ मध्ये पांथिऑन या स्मारकाच्या इमारतीत महिनोन्‌महिने चोरून जाऊन तेथील बंद पडलेले मोठे घड्याळ दुरुस्त केले. त्यांच्याबद्दल आम्हांला कौतुक वाटले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

विद्यार्थी विचारतातच : मग आम्ही गेलो तर? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याची कारणे वर आली आहेत. नाल्यांच्या बाबतीत आणखी एक कारण. डोक्यावर आकाश निरभ्र असताना दूरच्या भागात पाऊस पडला तरी पाणी नाल्यात येते, आणि आत असलेल्याला ते आधी ऐकू येते, मग दिसते. जून २०१७ मध्ये सोळा आणि सतरा वर्षांची दोन मुले पॅरिसच्या खाणींत वाट चुकली. तीन दिवसांनी शोधपथकाच्या कुत्र्यांनी त्यांचा माग काढला. थंडीने त्यांच्या शरीराचे तापमान उतरले होते, पण दोघेही वाचले. आस्पेरपासून त्यांच्यापर्यंत सव्वादोनशे वर्षे झाली होती. खाली अंधार तोच होता. फरक एवढा की कोणीतरी त्यांना शोधत होते, आणि शोधणाऱ्यांपाशी नकाशे होते.

मुलांना पाहायचेच असेल तर शाळेच्या नळापासून सुरुवात करावी. सांडपाणी कोठून निघते, कोणत्या झाकणाखालून जाते, पुढचे झाकण कोणत्या दिशेला किती पावलांवर आहे, हे वरूनच चालत, होकायंत्र घेऊन कागदावर मांडावे. झाकण उघडायचे नाही. आम्ही एकदा हे करून पाहिले. चौथ्या झाकणानंतर माग सुटला, आणि जवळच्या दुकानदारापासून पालिकेच्या जुन्या कर्मचाऱ्यापर्यंत सर्वांनी वेगवेगळ्या दिशा दाखवल्या. शेवटी खरी दिशा सांगितली ती तिथे पंधरा वर्षे सफाई करणाऱ्या गृहस्थांनी. त्यांच्यापाशी नकाशा नव्हता. मुलांनी त्यांना प्रत्येक झाकणापाशी उभे केले आणि ते सांगतील तसे वहीत उतरवून घेतले.

नरकाच्या रस्त्याचे नाव पॅरिसकरांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस बदलले. उच्चार जवळपास तोच राहील अशा बेताने एका सेनाधिकाऱ्याचे, दांफेर-रोशरो याचे, नाव त्याला दिले. अशी नावे बदललेले रस्ते पॅरिसमध्ये पुष्कळ आहेत. खालच्या भुयारांत मात्र पाटी बदलायला कोणी गेले नाही. गियोमोच्या माणसांनी कोरलेली जुनी नावे, आणि त्यांच्याशेजारी क्रमांक, आद्याक्षर व वर्ष, भिंतींवर तशीच आहेत, आणि खाणींच्या कार्यालयाचे कर्मचारी तपासणीला उतरतात तेव्हा अजूनही ती वाचतात.